पाळी गेली आणि पोट बिघडलं, कुणाकुणाला असं झालंय?

शहापूरची_वैनी
नमस्कार सगळ्यांना. विषय जरा लाजण्यासारखा हाय, दोन दिवस लिहू की नको लिहू करत बसलो, शेवटी म्हटलं इथं कुणाला तोंड दिसतंय. वय ४९. शेवटची पाळी मागच्या दिवाळीच्या आधी आली, त्याच्या आधी दोन वर्षं नुसता गोंधळ, कधी पंधरा दिवसात कधी तीन महिन्यानं, आली की धो धो. आता ते थांबलंय तर पोटानं सुरू केलंय. सकाळी उठतो तेव्हा पोट बरं असतंय, दुपारचं जेवलं की डब्ब, आणि संध्याकाळी परकराची नाडी सैल केल्याशिवाय बसवत नाही. रात्री कपडे बदलताना बघिटलं तर कमरेला नाडीचा वळ, बोट ठेवलं तर बोट बसेल असा. शौचाला तीन तीन दिवस नाही. घशाशी आंबट येतंय ते वेगळं.
घरी भाकरी करून द्यायचं काम हाय माझं, रोज ८०-९० भाकऱ्या. तव्यापुढं बसलं की अचानक अंगातनं वाफा, मान-पाठ घामानं भिजते. जाऊबाई म्हणतात तव्याची धग हो ती. मी म्हटलो २० वर्षं तवा तोच हाय की!
डॉक्टरांनी गॅसची गोळी दिलीय, आठ महिने रोज सकाळी खातोय. पाळी जाण्याचा आणि पोटाचा काय संबंध असतोय का, की माझंच काय तरी बिनसलंय?

टिळकवाडी_टीचर
वैनी, बरं झालं लिहिलंत. मला वाटत होतं मी एकटीच. ५१ वय, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, शाळेत चौथ्या तासाला पोट इतकं गुडगुडतं की पहिल्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघून हसतात. जळजळ तर रोजची. आधी पाव किलो मिरची भजी खाऊन पचवणारी बाई मी, आता दोन खाल्ली की रात्रभर उशी उंच.

खडेबाजार_किंग
वय झालं की हे होतंच, त्यात पाळीबिळीचं काय. ओवा-सैंधव खावा गरम पाण्यातनं, विषय संपला.

टिळकवाडी_टीचर
किंग, ओवा आम्ही तुमच्या आधीपासून खातोय. जरा ऐका, मग बोला.

सिस्टर_चिक्कोडी
मी स्त्रीरोग वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केली, आता रिटायर. डॉक्टर नाही, त्यामुळं जे सांगते ते ऐकून आपल्या डॉक्टरांना विचारा.
वैनी, संबंध आहे, चांगलाच आहे. आपण समजतो इस्ट्रोजेन म्हणजे फक्त पिशवीचं हार्मोन. तसं नाही हो, त्याला ओळखणाऱ्या पेशी आतड्यातसुद्धा असतात. आतडं किती जोरानं ढकलणार, किती वेळात रिकामं होणार, आत वायू साठला की दुखल्यासारखं किती वाटणार, या सगळ्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचा हात असतो. म्हणून तर पाळीच्या आधी पोट फुगायचं आणि पाळी सुरू झाली की जुलाबासारखं व्हायचं, आठवतंय का? तेव्हा महिन्याला एकदा व्हायचं. पाळी जायच्या आधीची जी चार-पाच वर्षं असतात, काहींना जास्तही, त्यात हार्मोन सरळ रेषेत उतरत नाहीत, वर-खाली उड्या मारत उतरतात, मग पोटही रोज वेगळं वागतं.
वरून या वयात झोप मोडते, रात्री घाम येतो, काळजी वाढते, आणि आतड्याला मेंदूचं सगळं कळतं. चरबी मांड्यांवरून पोटावर येते, ती जठरावर दाबते, आंबट वर येतं. बाळंतपणं झालेली असतात, खालचे स्नायू सैल पडलेले, त्यामुळं शौचाला बसलं तरी पूर्ण होत नाही. एकच कारण धरून बसू नका, चार-पाच गोष्टी एकत्र येतात.
आणि मेनोपॉज झाला असं आपण कधी म्हणतो, तर सलग १२ महिने पाळी आली नाही तर. आपल्याकडं सरासरी ४६-४७ च्या आसपास, युरोप-अमेरिकेत ५१. तुमचे १२ महिने दिवाळीला पूर्ण होतील. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी "आली परत" म्हणून गप्प बसायचं नाही, दाखवायचं.

लॅबवाली_पोर
सिस्टरच्या पोस्टला जोडून, मी मायक्रोबायोलॉजी शिकते, मूळची खानापूरची. यात जंतूंचाही भाग आहे आणि तो मला भारी वाटतो. शरीरानं वापरलेलं इस्ट्रोजेन लिव्हर बांधून पित्तात टाकतं, म्हणजे बाहेर जायच्या गाडीत बसवतं. आतड्यातले काही जंतू एका एन्झाइमनं ती गाठ सोडतात आणि ते इस्ट्रोजेन परत रक्तात जातं. हे काम करणाऱ्या जंतूंच्या टोळीला इस्ट्रोबोलोम म्हणतात. मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेनच कमी, मग जंतूंचं मिश्रणही बदलतं, ते बदललं की वायू आणि शौचाचं गणित बदलतं. कोण आधी कोण नंतर यावर अजून संशोधन चालू आहे, म्हणून "मेनोपॉजसाठी खास" म्हणून महागडे प्रोबायोटिक डबे विकतात त्यांच्या मागे लागू नका. घरचं ताक आहे की.

निपाणीकर_अक्का
मी ५८ वर्षाची हाय, निपाणीत उमेदीची सगळी वर्षं विड्या वळलो. आता खरं सांगतो, हसू नका. मला पाळी जाताना बद्धकोष्ठ झालं तवा शेजारनीनं सांगिटलं मशेरी लाव, लगेच होतंय. आणि खरंच होत होतं! सकाळी मशेरी लावली की पाच मिनिटात. मग दोन वेळा, मग चार वेळा, मग जेवणानंतर पण. मशेरी नाही तर शौचच नाही अशी गत. आणि छातीत अशी आग की बोलू नका, मी समजलो हे पाळी गेल्याचं. नातीनं ओढून डॉक्टरकडं नेलं, कन्नड डॉक्टरीण, विचारली "मुट्टु निंतु एष्टु वर्ष आयतु?", म्हणजे पाळी थांबून किती वर्षं झाली, मी म्हटलो आठ वर्षं. मग तोंड उघडा म्हणाली, दात बघिटली आणि म्हणाली अक्का आधी ते सोडा, मग पोटाचं बघू.
सोडलो. पहिले पंधरा दिवस शौच अगदीच बंद, रडकुंडीला आलो, परत लावू वाटायचं. महिन्यानं बसलं ठिकाणावर. जळजळ निम्म्यानं कमी. आमच्या भागात किती बायका लावतात, कुणी डॉक्टरला सांगत नाहीत आणि डॉक्टर पण विचारत नाहीत.

सिस्टर_चिक्कोडी
अक्का, हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. तंबाखूतलं निकोटिन आतड्याला चाबूक मारतं म्हणून लगेच शौच होतं, आणि जठराच्या तोंडाची झडप सैल करतं म्हणून आंबट वर येतं. सोडल्यावर काही दिवस कोठा जड राहतो हे माहीत नसलं की बायका घाबरून परत सुरू करतात. तेवढे दिवस डॉक्टरला विचारून इसबगोल किंवा दुसरं काही घेऊन काढायचे. तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर तेही दाखवून घ्या.

गोळीवाला_कागवाड
मेडिकल दुकानात काउंटरला उभा असतो २५ वर्षं, म्हणून गोळ्यांचं सांगतो. ४५-५० च्या बायका चार चिठ्ठ्या घेऊन येतात, एक गुडघ्याच्या डॉक्टरची, एक थायरॉइडची, एक बीपीची, आणि ह्या चार डॉक्टरांची एकमेकाशी गाठ पडलेली नसते. सकाळी उठून सगळ्या गोळ्या एका मुठीत, वर चहा. पोट बिघडणार नाही तर काय.
लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, शौच काळपट होतं. कॅल्शियम कार्बोनेटनं पण पोट फुगतं. ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही. थायरॉइडची गोळी उपाशी पोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम-लोह त्याच्यानंतर चार तासांनी. गुडघ्यासाठी स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या खाणं तर बंदच करा, जठराला त्या सोलतात.
आता गॅसची गोळी. शहापूरच्या वैनी, आठ महिने रोज म्हणालात. गोळी वाईट नाही, गरज असेल त्याला लागतेच. पण पोटातलं ॲसिड बंद केलं की कॅल्शियम कार्बोनेट नीट विरघळत नाही, फार काळ घेतली की बी१२ उतरू शकतं, आणि हाड मोडायचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. ह्याच वयात बाईचं हाड झपाट्यानं झिजतंय, आणि ती कॅल्शियम घेतेय आणि वरून ते जिरू नये म्हणून दुसरी गोळी घेतेय. पण हे वाचून उद्या एकदम बंद करू नका हां! एकदम सोडली की ॲसिड उसळून वर येतं आणि माणूस म्हणतो बघा, गोळीशिवाय जमतच नाही. डॉक्टरला विचारून हळूहळू.

टिळकवाडी_टीचर
दादा, एका मुठीत चहाबरोबर, अगदी माझंच वर्णन केलंत. थायरॉइड आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी ६ ला, शाळेची बस पकडायची म्हणून. आणि डॉक्टर मला प्रत्येक वेळी विचारतात गोळी घेताय ना, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) का उतरत नाही!! थायरॉइड कमी असेल तर बद्धकोष्ठ होतंच ना वर? म्हणजे मी दोन वर्षं मेनोपॉजला शिव्या घातल्या.

येळ्ळूरचा_पाव्हणा
बायकांच्या धाग्यात येऊ का विचारत नाही, आलोच. आमच्या मंडळींचं वय ४४. पाच वर्षांपूर्वी रक्तस्राव फार म्हणून पिशवी काढली. तेव्हापासून गॅस, पोट गच्च, आणि चिडचिड इतकी की भाताच्या मळणीत मजूर घाबरतात. पाळी तर पाच वर्षं नाहीच, मग हा मेनोपॉज म्हणायचा का काय? डॉक्टरांनी तेव्हा काय काढलं काय ठेवलं आम्हाला कुणी सांगिटलं नाही, आम्ही पण विचारलो नाही.

सिस्टर_चिक्कोडी
आलात ते बरं केलंत. डिस्चार्जचा कागद शोधा, ट्रंकेत कुठं तरी असेल. त्यात बघा, नुसतं गर्भाशय काढलंय की दोन्ही अंडाशय पण. अंडाशय काढले असतील तर ऑपरेशनच्या दिवशीच मेनोपॉज झाला, तोही एकदम, जिना उतरायच्या ऐवजी गच्चीवरून उडी मारल्यासारखा. तसं असेल तर ह्या वयात हाडं आणि हृदय दोन्हीचा विचार करून हार्मोन द्यायचे का हे स्त्रीरोग डॉक्टरांशी बोलायलाच पाहिजे. अंडाशय ठेवले असतील तर हार्मोन चालू राहतात, पण अशा बायकांना मेनोपॉज थोडा लवकर येऊ शकतो. आणि ऑपरेशननंतर पोटात आतडी चिकटतात काही जणींना, त्यानंही पोट गच्च होतं. उलट्या, शौच-वारा दोन्ही बंद, पोटात कळा असं एकत्र झालं तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना.
चिडचिडीचं तुम्ही विनोदात लिहिलंय. तिला झोप लागते का विचारलंय का कधी?

येळ्ळूरचा_पाव्हणा
नाही विचारलं. आज विचारतो.

खानापूर_जंगलातली
खाण्याचं कुणीच बोलेना म्हणून मी. माझा कोठा सुधारला तो तीन गोष्टीनं. जवसाची चटणी रोज दोन चमचे, आजी करायची तशी, जवस भाजून लसूण-मिरची घालून. दुपारी नाचणीची आंबील, ताक घालून. आणि रताळं. आपल्याकडची रताळी ट्रक भरभरून परराज्यात जातात आणि आपण एकादशीलाच खातो, बाकी उपासाला साबुदाणा वडे चापून परत पोट धरून बसतो.
पण चूक पण सांगते. मी उत्साहानं एका आठवड्यात सगळं सुरू केलं, सालासकट मूग, जवस, पालेभाजी, वर इसबगोल. पोट ढोल झालं. डॉक्टर म्हणाल्या चोथा हळूहळू वाढवायचा, आणि पाणी वाढवलं नाही तर चोथा आतच बसतो. इसबगोल तर मोठा ग्लासभर पाण्याबरोबरच. आता पावटे, चवळी रात्री भिजवून, ते पाणी टाकून शिजवते, आणि रात्रीच्या जेवणात घालतच नाही. कच्चा कांदा सोडला. गहू कमी करून ज्वारीची भाकरी वाढवली तर मला फरक पडला, सगळ्यांना पडेल असं नाही. दूध पचेना पण ताक-दही पचतं, वय वाढलं की असं होतं म्हणे.
आपला खव्याचा गोड कुंदा मात्र सोडला नाही. कुंद्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

खडेबाजार_किंग
कुंद्यावर एकमत. आणि वर मी जे लिहिलो ते मागे घेतो, आमच्या हिनं धागा वाचून दाखवला मला. मोठ्यानं.

टिळकवाडी_टीचर
एक गोष्ट सांगू का, लिहिताना अजून हात थरथरतो. आमच्या नणंदबाई, ५५. त्यांचंही पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं, वारंवार लघवीला. सहा महिने सगळ्यांनी गॅसच म्हटलं, आम्हीसुद्धा. फरक एकच होता, वैनींचं पोट सकाळी उतरतं, त्यांचं उतरत नव्हतं. नाडी सकाळपासूनच सैल. सोनोग्राफी केली तेव्हा अंडाशयाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता बऱ्या आहेत. पण ते सहा महिने आठवले की वाटतं, कुणीतरी आधी म्हणायला पाहिजे होतं.

लॅबवाली_पोर
ताई, थँक्यू लिहिल्याबद्दल. इंग्लंडच्या २०११ च्या सरकारी गाइडलाइनमध्ये हेच आहे, पन्नाशीच्या पुढं बाईला पहिल्यांदाच आयबीएससारखा (आतड्यात रोग दिसत नाही तरी पोट दुखतं-फुगतं, शौच बिघडतं तसा) त्रास सुरू झाला तर अंडाशयाची तपासणी करा, कारण आयबीएस त्या वयात नव्यानं सहसा सुरू होत नाही. सीए-१२५ ची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. प्रत्येक फुगलेलं पोट कॅन्सर नसतं, बहुतेक नसतंच, पण महिन्यात बरेच दिवस फुगतंय आणि हे नवीनच सुरू झालंय तर एकदा बघून घ्यायचं.

सिस्टर_चिक्कोडी
आणि शौचात रक्त, डांबरासारखं काळं शौच (लोहाची गोळी चालू नसताना), काही न करता वजन उतरणं, गिळताना अडकणं, शौचानं रात्री झोपेतून जाग येणं, हे मेनोपॉजच्या खात्यात टाकायचं नाही. वैनी, तुमचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी केलं? धो धो जायचं म्हणालात म्हणून विचारते.

शहापूरची_वैनी
आठवत नाही हो सिस्टर. लेकीच्या बाळंतपणाला तिचंच केलो, माझं नाही.

शहापूरची_वैनी (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून परत लिहितो. गेलो डॉक्टरीणबाईकडं, फोनवर हा धागाच उघडून पुढं धरलो, त्यांनी चष्मा लावून निम्मा वाचला आणि हसल्या. सोनोग्राफी झाली, अंडाशय ठीक हाय. पित्ताशयात एक खडा सापडला, ८ एमएमचा. मी घाबरलो, त्या म्हणाल्या उजव्या बाजूला जेवणानंतर कळ येत नाही तर सध्या त्याला हात लावायचा नाही, लक्ष ठेवायचं, कळ, ताप, कावीळ झाली तर लगेच यायचं. वाफांसाठी हार्मोनचं मी विचारलो. इस्ट्रोजेनची गोळी तोंडानं घेतली की खड्याचा त्रास वाढू शकतोय, द्यायचंच ठरलं तर कातडीला लावायचा जेल किंवा पट्टी बघू, आधी बाकीचं बसवू म्हणाल्या. टीएसएच नॉर्मल.
हिमोग्लोबिन ९.४. पाळी थांबून वर्ष व्हायला आलं तरी इतकं कमी का, म्हणून शौचातनं रक्त जातंय का बघायला शौचाची तपासणी लिहून दिलीय, त्याचा रिपोर्ट सोमवारी. लोह चालू केलंय, दुपारी, कॅल्शियमपासून लांब, कागवाडच्या दादांनी सांगिटल्यासारखं. गॅसची गोळी एक दिवसाआड केलीय.
शौच आता दिवसाआड होतंय. पायाखाली पाट घेऊन बसतो कमोडवर, गुडघे वर येतात, बरं पडतंय. जवसाची चटणी भाकरीच्या गिऱ्हाइकांना पण द्यायला लागलो, ती वेगळीच खपतेय. नाडीचा वळ हाय अजून, पण आधी बोट बसत होतं, आता नुसती रेघ दिसते.
जाऊबाईंनी काल स्वयंपाकघराचं दार लावून विचारलं, तो धागा कुठं हाय गं, मला पण दाखव.

निपाणीकर_अक्का
दाखव की. आणि विचार त्यांना, मशेरी लावतात का म्हणून.